पाझर तलावावर खांदा कुणी बसवला?

आमी बौद्ध झालेली माणसं. सासऱ्यानं घरातले समदे देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले, तवापासून आमच्यात अंगारा न्हाई, उतारा न्हाई. कुणाच्या अंगात आलं की म्या म्हणायची, "हिला धा पाट्या माती वाहाय लावा, उतरंल." भूतखेत मानणारी बाई न्हाय म्या... आजबी न्हाय. नात मोबाईलवर लिहून घेतीया म्हणून सांगते, बघा तुमाला काय उमगतंय का.

बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव परंड्याच्या अलीकडं. हिरीचं पाणी तळाला गेलतं. घागर वढताना दोराला हिसका बसला आन् माझा उजवा खांदा निखळला. गावात हाडं बसवणारा म्हातारा हुता. पर आमच्या वस्तीतल्या माणसाला त्यो हात लावायचा न्हाई. ओट्यावर बसून नुसतं सांगायचा, वढायचं घरच्यानं.

"जरा वर... आता पीळ... आरं तसं न्हाई, येड्या!"

मालकानं जमंल तसं वढलं. खांदा बसला, पर ढिल्ला. मग कवाबी निसटायचा. चोळी घालताना, भाकरी थापताना. रडत-वरडत आपलाच आपून बसवायचा.

तसल्या हातानं पाझर तलावाच्या कामावर गेले. तिथं बायांच्या जोड्या असायच्या. एकीनं पाटी भरून उचलून द्यायची, दुसरीनं डोक्यावर वाहायची. एक बसली की मुकादम दोघींनाबी घरी धाडायचा. कामावर खायाला सुकडी मिळायची, माझी दोन लेकरं तिच्यावरच हुती. म्हणून खांद्याचं कुणाला कळू दिलं न्हाई. जोडीच्या सोजराला तेवढं ठाव. ती म्हणायची, "तुझा हात हाय का कडी-कोयंडा गं? कवाबी निघतुया!"

एक दिस दुपारी भाकरीची सुट्टी झाली. बाया बाभळीखाली गेल्या. म्या शेवटची पाटी वतली आन् खांदा पार निसटला. हात लोंबायला लागला. ह्या डावाला आपला आपून काय बसंना. मुकादम बघंल म्हणून मातीच्या ढिगाआड जाऊन, ढिगाकडं तोंड करून बसले. पदर दातात धरला. वाटलं, संपलं आता. उद्यापासून लेकरं काय खातील...

तवा मागून कुणीतरी माझ्या काखेत हात घातला. बाईचा हात. आमाला शिवायचं म्हणल्यावर लोक जरा थांबत्यात... ती थांबली न्हाई.

"माहेर कुठलं गं बाई तुझं?"

म्या "तेर..." म्हणेस्तवर माझा हात वर गेला, आत गुबदिशी वाजलं. कळ बंद!

तेरखेडा म्हणायचं तसंच राह्यलं. वळून बघितलं तर उघडा माळ. कुत्रंबी न्हवतं.

सोजर पाण्याचा तांब्या घिऊन समोरनं ढिगावर आली. "कुणाला हात करलालीस गं?"

"माझ्या मागं कोण हुतं?"

"कोण असंल? एकलीच तर बसलीस. हात तेवढा आपसूक वर चालला हुता..." तिनं तांब्या माझ्या म्होरं ठिवला. मग म्हणली, "ऊठ. मुकादम बघतुया."

दिस मावळस्तवर माती वाहिली.

घरी बोलले न्हाई. सासऱ्यानं उभं केलं नसतं. पुढं कारखाना झाला, ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या. खांदा एकदाबी निसटला न्हाई.

मागल्या साली त्योच खांदा दुखाय लागला. लेक सोलापूरला घिऊन गेली. डॉक्टरनं बारीक भोकं पाडून आत दुर्बीण घातली, झिजलेलं साफ केलं. मागनं टीव्हीवर दावलं. आत समदं चिंध्यावानी लोंबायलं हुतं.

"आजी, खोबणीची ही कड पूर्ण फाटलीय. हाडालाही खड्डा आहे. जुनं आहे हे. तरण्या पोरांचा असा खांदा सारखा निसटतो, आम्ही ह्याच दुर्बिणीतून कड शिवतो. तुमचा किती वेळा निसटला?"

"दुष्काळात निसटायचा. मग न्हाई."

"शक्यच नाही. विसरला असाल."

म्या कशाला भांडू? भाईर आल्यावर लेकीला समदं सांगितलं. ती म्हणली, "आई, खरंच मागं कुणी न्हवतं?"

"तुझं पोट भरलं न्हवं तवा?"

"व्हय."

"मग बास."

पर ती बाई कोण, ते आजून ठाव न्हाई मला.