लिमये बाई आणि एक्केचाळीसचे एकोणनव्वद

लिमये बाई आज पहाटे गेल्या आणि मला रडू आलेलं नाही.

मेसेज वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग मोटर लावून पाण्याची टाकी भरली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना बाई माहीत नसतील, म्हणून सांगतो.

ऐंशी सालच्या आसपास विद्यापीठाचा प्रोग्रामिंगचा अगदी पहिल्या पायरीचा कोर्स चिंचवडला एका शाळेत संध्याकाळी भरायचा. बाई पुण्याहून बसनं यायच्या. आम्ही कंपनीतून, फर्स्ट शिफ्ट उरकून, हाताला ऑइलचा वास घेऊन.

कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता. तो पुण्यात.

आपण चौकोन आखलेल्या कागदावर लिहायचं. कागद पुण्याला जायचा. तिथल्या मुली ते भोकं पाडून कार्डांवर पंच करायच्या आणि आठवड्यानं उत्तर छापून यायचं. त्याला म्हणायचं रन.

मला ते चौकोन फार आवडायचे. एका घरात एक अक्षर. शाळेत कवितेच्या ओळीचे गण पाडायचो, अगदी तसंच. मी एकदा बाईंना तसं बोलूनही दाखवलं.

“छान. पण कवी, सातव्या घरापासून सुरू करा. आधीची सहा घरं यंत्राच्या खुणांची, तिथे काव्य चालत नाही.”

सगळा वर्ग हसला. कोर्स संपेपर्यंत मी कवीच.

पहिल्याच दिवशी बाईंनी नियमांचा कागद वाटला होता. स्वतःच्या अक्षरात, सायक्लोस्टाइल केलेला. एक प्रत कंपनीलाही. उशिरा आलेलं काम घेणार नाही. प्रत्येकाला तीन रन. तिसरा चुकला की नाव कमी. कारणं ऐकणार नाही.

“शिफ्ट बदलली, बस चुकली, पाहुणे आले, मला काही सांगू नका. यंत्राला ते कळत नाही, म्हणून मलाही कळत नाही.”

मागून दत्ता म्हणाला, “बाई, आन् माणूस मेला तर?”

“कोण मेलं?”

“मीच, समजा.”

“मग तुमचं नाव आपोआप कमी होईल.”

दत्ता चिखलीचा. माझ्याच कंपनीत, पण प्रेस शॉपला. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशिनी. त्याला डाव्या कानानं तेव्हाच ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, तिथून निघ, नाहीतर दुसराही जाईल.

कंपनीत नवा कॉम्प्युटर विभाग निघत होता. कोर्स पास होईल त्याला तिकडे बदली.

“राव, तिथं एसी लावनारेत म्हनं,” दत्ता म्हणायचा. “मला एसीचं काय न्हाई. तिथं आवाज नसतो.”

त्याला तेवढंच हवं होतं.

शेवटचं काम होतं कामगारांच्या तासांवरून पगार काढायचं. माझं दुसऱ्या रनला जमलं.

दत्ताचा पहिला रन चुकला. दुसराही. प्रोग्राम आम्ही दोघांनी ओळ न् ओळ तपासला. बाईंनीही पाहिला. चूक कुठेच नाही, उत्तरं मात्र भलतीच.

तिसरा रनही तसाच आला.

बाई खुर्ची ओढून दत्तासमोर बसल्या. हातात पंच केलेली कार्डं.

“तुमच्या कागदावरचे तास वाचा. मोठ्यानं.”

“एक्केचाळीस.”

“इथे एकोणनव्वद आहेत.”

“आसं कसं? ह्ये काय, एक्केचाळीस!”

बाईंनी कागद ओढून घेतला. एकेका आकड्यावरून बोट फिरवलं.

प्रोग्राममध्ये इंग्रजी अक्षरांच्या संगतीनं दत्तानं आकडेही इंग्रजी काढले होते. तासांच्या कागदावर मात्र नुसतेच आकडे. तिथे त्याचा हात शाळेतल्या वळणावर गेला होता. ४१.

पंच करणारी मुलगी केरळची. तिला ४ चा दिसला 8 आणि १ चा 9.

आम्हाला कुणालाच ती चूक दिसली नव्हती. बाईंनाही नाही. आम्ही सगळे मराठी. आम्ही ते बरोबरच वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी बाई कंपनीत आल्या. साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दत्ता आणि मी बाहेर उभे. दार अर्धवट उघडं होतं.

“मुलाचा प्रोग्राम बरोबर आहे. त्याला आणखी एक रन द्यायला हवा.”

“बाई, तीन रनचा नियम कुणी केला?”

“मीच.”

“कारणं ऐकणार नाही, हेही तुमच्याच अक्षरात आहे. आज याला सोडलं, तर उद्या युनियन सगळ्यांसाठी येईल. यादी वर गेलीय.”

बाई बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. ते ऐकू आलं नाही.

बाहेर आल्या आणि दत्ताला म्हणाल्या, “माझं चुकलं.”

शिक्षकानं असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

दत्ता गडबडला. “न्हाई वो बाई. आकडा माझाच हाय की.”

पुढच्या बॅचला बाईंनी पहिला तास फक्त आकडे गिरवायला दिला म्हणे. नियमांत कारणं ऐकायची सोयही केली. मी तोवर आत, कॉम्प्युटर विभागात. दत्ता प्रेस शॉपला. त्याचा उजवा कान पुढच्या काही वर्षांत गेला.

इतकी वर्षं मला बाईंचा राग होता की माया, हे धड ठरवता आलेलं नाही. आजही येत नाही.

दुपारी रिक्षा करून चिखलीला गेलो. दत्ताला फोनवर सांगून उपयोग नसतो. तो ओट्यावर बसला होता, कानातलं मशीन काढून.

“दत्ता, बाई गेल्या.”

“आँ? कुठं गेल्या?”

“लिमये बाई! गेल्या!”

“व्हय, पन कुठं?”

“वारल्या रे! वारल्या!”

समोरच्या वर्कशॉपवाल्यानं ग्राइंडर बंद करून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्यानं मी ओरडलो होतो. बाई गेल्या हे मला तेव्हा कळलं.

 दत्ता बहिरी माणसं बोलतात तसा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला,

“लई त्रास न्हाई ना झाला त्यास्नी?”

मला माहीत नव्हतं. मी मानेनं नाही म्हटलं.

त्यानं डोळे मिटले आणि भिंतीला टेकून बसून राहिला. मीही शेजारी बसलो. मी निघताना तो म्हणाला, “तू लिवशील काईतरी. माझं बी नाव घाल.”

घातलं आहे.

बाई, दत्ताचा आणि माझा तुम्हाला शेवटचा नमस्कार.