एका रुपयाची खाच

दोन रुपयांचं नवं गोल नाणं आमच्या घरात पहिल्यांदा माझ्याच हातात आलं, आणि पहिली फसले ती मीच. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. पोंभुर्ण्याच्या बाजारात मासे विकले, फडक्यातली चिल्लर धुऊन घेतली आणि त्यातलं एक नाणं रुपया समजून किराणावाल्याला दिलं. तो बिचारा हसून म्हणाला की बाई, हे दोन रुपये आहेत, नवे निघाले. मी ते उजेडात धरून पाहिलं. दोनचा आकडा होता खरा, पण बाकी सगळी तब्येत रुपयाची. तोवर दोनाचं नाणं कसं, कोपऱ्याकोपऱ्याचं असायचं, अंधारातही ओळखू यायचं. दोन डोळे धडधाकट असून मी फसले, तर भासऱ्यांचं काय होणार, हे तिथंच माझ्या मनात आलं.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ऐन तिशीत काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. त्याआधी गावच्या तलावावर त्यांच्यासारखं जाळं फेकणारा माणूस नव्हता म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते सगळं होऊन गेलेलं. त्यांनी लग्न केलं नाही. सकाळी ओसरीवर बसून जाळी विणायचे आणि दुपारी पावलं मोजत एसटीच्या थांब्यावर जाऊन मोहाच्या झाडाखाली फुटाणे विकायचे. टिनाची दोन मापं होती, लहान रुपयाचं आणि मोठं दोन रुपयांचं. नाणं हातात पडलं की अंगठा एकदा फिरवायचे, बस्स. कोपरे लागले की दोन, जाड लागलं की पाच, बारकं असलं की आठाणे. कधी चुकले नाहीत.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, हाताला हात लागू द्यायचा नाही. त्यांना दिसत नव्हतं तरी मी डोक्यावर पदर घ्यायचे. हसा खुशाल, मलाही हसू यायचं. मग काही सांगायचं असलं की मी अंगणातल्या कोंबडीला सांगायचे, जेवण वाढलं हाये वं. तेही कोंबडीलाच उत्तर द्यायचे, येतो म्हणा. बारा वर्षं आमचं बोलणं असं कोंबड्यांच्या मार्फत चाललं. कितीतरी कोंबड्या आल्या नि गेल्या, पण एकीनंही कधी निरोप चुकवला नाही.

मला वाटलं होतं तेच झालं. कोणी रुपया द्यायचा आणि नवे दोन आहेत म्हणून मोठं माप घेऊन जायचा. कोणी खरे दोन द्यायचा आणि भासरे लहान माप हातात ठेवायचे. एक दिवस बसमधून उतरलेल्या एका बाईचं असंच झालं. तिनं सगळ्या थांब्यासमोर आरडाओरड केली, आंधळा म्हणून लोक दया करतात अन् हा चोर लुटून राह्यला. त्या संध्याकाळी भासरे फुटाण्याची थैली तशीच भरलेली घेऊन आले आणि खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले की हाताले आता ओळख राह्यली नाई.

नवरा म्हणाला, बरं झालं भाऊ, बसा घरी, दोन घासांनी काय होते. प्रेमानंच म्हणाला तो, मला कळतं. पण माझं डोकं फिरलं. डोळे गेल्यावर ज्या माणसानं स्वतःचं पोट स्वतः भरलं, त्याला एका नाण्यापायी खाटेवर बसवायचं? आणि चोर हा शब्द तसाच अंगावर घेऊन? मी मुळातच तापट, माहेरी सगळे मला वचकून असायचे. मी मनात म्हटलं, या नाण्याला मी वठणीवर आणल्याशिवाय राहत नाही.

आधी नाणी पाट्यावर टाकून आवाज ऐकला. दोन्ही सारखीच खणखणली. मग वाटलं, रुपयावरची नि दोनावरची नक्षी अंगठ्याला वेगळी लागेल. दोन्ही नाणी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवून कोंबडीला तसं सांगितलं. भासऱ्यांनी बराच वेळ चोळून पाहिलं आणि मान हलवली. जाळ्याचा नायलॉन ओढून ओढून त्यांच्या अंगठ्याची कातडी टाचेसारखी झाली होती, बारीक रेघ कुठून लागणार. रात्री भांडी घासताना मी सहज रुपया दोनावर ठेवला, तर खालचं नाणं चहूबाजूंनी दोऱ्याएवढं बाहेर दिसलं. एवढासाच फरक होता, पण फरक होता.

जाळं विणताना बांबूची एक सपाट पट्टी लागते. तिच्यावरून धागा घेऊन गाठ मारली की प्रत्येक घर एकसारखं येतं, डोळे असोत नसोत. तेव्हा मापाचं काम बांबूकडूनच करून घ्यायचं मी ठरवलं. परसातून बांबू तोडला, पट्टी काढली आणि टोकाला अशी खाच घेतली की रुपया आत जाईल आणि दोनाचं नाणं वरच अडेल. जमलं! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. तिसऱ्या दिवशी पाहते तर रुपयाही आत जाईना. ओला बांबू वाळून आटला होता. दुसरी केली, ती चिरली. तिसरी वाकली. नवरा म्हणाला, सोड आता. मी म्हटलं, तुम्ही जेवा.

वाळलेला, मुरलेला बांबू घरात एकच होता. आढ्याला खोचलेली माझ्या सासऱ्यांची पट्टी. धाग्यानं घासून घासून काळी, गुळगुळीत झालेली. तिच्यावरच भासरे लहानपणी विणायला शिकले होते, आणि तिच्या मापाचं जाळं तलावावर कोणीही ओळखायचं. ती काय आहे हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला सगळं ठाऊक होतं. भासरे तलावावर आंघोळीला गेले तशी मी ती काढली आणि सुरीनं तिच्या टोकाला खाच घेतली. खाच सरळ आली.

संध्याकाळी त्यांनी विणायला पट्टी मागितली. अंगठा टोकावर गेला आणि थांबला. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"बापाची पट्टी कोणं कापली?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी दाराआडून कोंबडीला सांगितलं, "म्या कापली वं. ओला बांबू आटते. वाळलेला दुसरा नाई घरात." मग रुपया आणि दोनाचं नाणं कट्ट्यावर ठेवून आत आले आणि चुलीपाशी बसून रडले. भीती वाटत होती, रागही येत होता. पट्टी मोठी की माणूस मोठा, असं तोंडावर विचारावंसं वाटत होतं, पण विचारणार कोणाला.

दोन दिवस ते कोंबडीशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून बारीक आवाज यायला लागला. नाणं खाचेत जातंय, नाणं खाचेवर अडतंय. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी पीठ मळत ऐकत राहिले. दुपारी पाहिलं तर खुंटीवर थैली नव्हती.

पुढं वर्ष-दीड वर्ष थांब्यावर कोणाची टाप नव्हती भासऱ्यांना फसवायची. लोक मुद्दाम पट्टी बघायला यायचे. एकदा मी रिकामी टोपली घेऊन बसमधून उतरत होते, तेव्हा झाडाखाली गलका ऐकू आला. एका माणसानं नाणं देऊन पाच रुपयांचे फुटाणे मागितले होते. नाणं खाचेतून सरळ खाली पडलं, म्हणून भासरे म्हणत होते की हे आठाणे आहेत. माणूस शांतपणे सांगत होता की पाच आहेत, नवे निघाले. भासऱ्यांनी ऐकलं नाही. आयुष्यभर पाचाचं नाणं जाड लागलेलं, हे पातळ नि बारकं. हातावर ते जड लागलं असेल, पण आता त्यांचा हातापेक्षा पट्टीवर जास्त भरवसा होता, आणि तो मीच बसवला होता. पट्टी खोटं बोलत नाई, असं ते मोठ्यानं म्हणाले. लोक जमले. मी वाकून पाहिलं. नाण्यावर पाच लिहिलं होतं.

ज्या शब्दापायी ते घरी बसले होते, तोच शब्द आता माझ्या खाचेमुळं पुन्हा कोणीतरी उच्चारणार होतं. नवरा शेतावर होता. थांब्यावर कोंबडी नव्हती. आजूबाजूला अर्धं गाव उभं होतं आणि प्रत्येकाला आमची रीत ठाऊक होती. मी टोपली खाली ठेवली आणि त्यांच्या समोर जाऊन बसले.

"भाऊ, ते पाच रुपये हायेत. नवे निघाले. पट्टीची चूक हाये, तुमची नाई."

भासऱ्यांचा हात तसाच हवेत राहिला. बारा-तेरा वर्षांत माझा आवाज त्यांनी रोज ऐकला होता, पण त्यांच्यासाठी म्हणून एकदाही नाही. त्यांनी दोन मोठी मापं आणि एक लहान मोजून त्या माणसाला दिलं, वर एक मूठ घातली आणि माफ करा भाऊ म्हणाले. मग मांडीवरची पट्टी उचलून, मी बसले होते बरोब्बर तिकडे पुढं केली.

"बाई," ते म्हणाले, "याच पट्टीवर पाचाची खाच काप."

पट्टी मी त्यांच्या हातातूनच घेतली.