फाट्यावरची भाऊबीज

आमच्या फाट्यावर 'विनंती थांबा' अशी पाटी होती. विनंती आम्ही करायचो, थांबणं ड्रायव्हरच्या मर्जीवर. परभणीहून मानवतला जाणारी सकाळची एसटी गाडी आम्हा चार-पाच शाळकरी पोरींच्या अंगावर धुरळा उडवून निघून जायची आणि आम्ही दप्तरं झटकत घरी परत. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. बंद असला की गाड्या यायच्या नाहीत, बंद नसला की यायच्या पण थांबायच्या नाहीत. आम्हाला दोन्ही सारखंच.

गावातल्या पुरुषांनी अर्ज केले. डेपोच्या साहेबाला भेटले, हार घातला, फोटो काढला. साहेब 'बघतो' म्हणाले आणि खरोखरच नुसतं बघत राहिले. माझ्या वडलांना मात्र आयतं कारण मिळालं. गाडीच थांबत नाही, तर पोरीला हायस्कुलात घालून करायचं काय, असं ते रोज जेवताना म्हणायचे. मी नववीत होते. ती गाडी थांबली नाही तर माझी शाळा संपली, इतकं ते सरळ होतं.

अलीकडच्या गावात पाटीसुद्धा नव्हती, तरी तिथं हीच गाडी न चुकता थांबे. मी चौकशी केली, तेव्हा कळलं की ड्रायव्हरची चुलत बहीण तिथं दिलेली आहे आणि तिच्या हातचं पाणी पिऊनच तो पुढे निघतो. हे मी आईला सांगितलं. ती चूल फुंकता फुंकता थांबली.

"म्हंजे गाडीला पाटी लागत न्हाई, बहीण लागती," ती म्हणाली.

आईला भाऊ नव्हता. दर दिवाळीला ती चंद्राला ओवाळायची आणि त्यावर एक अक्षर बोलायची नाही. त्या वर्षी भाऊबीजेला तिनं गावातल्या बाया गोळा केल्या आणि ताटांत निरांजनं पेटवून सगळ्या जणी रस्त्यावर आडव्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून पाहिला. झुपकेदार मिशांचा, तोंडानं तिखट गडी. पण भाऊबीजेच्या दिवशी पेटल्या निरांजनावर गाडी घालणारा माणूस अजून आपल्याकडे जन्माला यायचाय. तो खाली उतरला, डोक्यावर रुमाल टाकला आणि त्यानं निमूट ओवाळून घेतलं. मग ओवाळणीसाठी खिसे चाचपायला लागला. एवढ्या ताटांना पुरेल असं त्याच्याकडे काय असणार?

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," आई म्हणाली. "ओवाळणी उधार. रोज थांबत जावा, फिटंल हळूहळू."

सुट्टी संपून शाळा उघडली आणि गाडी थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. मग बायांना चटकच लागली. ड्यूटी बदलून नवा ड्रायव्हर आला की पुढच्या खेपेला तो कुणाचा तरी भाऊ झालेला असायचा. कंडक्टरही सुटले नाहीत. ज्यांचे सख्खे भाऊ वर्षानुवर्षं फिरकले नव्हते, त्यांना दिवसातून दोनदा भाऊ भेटायला लागला. हे भाऊ मानवतहून औषध आणायचे, माहेरचा निरोप पोचवायचे, एकीचं तर माहेराशी झालेलं भांडणही मिटवून आले. पुरुषांना थोडी लाज वाटली असावी. त्यांनी फाट्यावर छप्पर घातलं, पाण्याचा रांजण ठेवला आणि थांबा आम्हीच आणला असं ताडकळसच्या बाजारापर्यंत सांगत सुटले.

मी दहावीत गेले आणि सेलूचं स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. गाडीचं कारण आता उरलं नव्हतं, म्हणून वडलांनी थेट दप्तरच माळ्यावर टाकलं. परीक्षा तोंडावर आली होती. आई दोन दिवस बोलली, भांडली, जेवली नाही. वडील हलले नाहीत. मी रडून रडून थकले आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. आमचं शेतातलं घर फाट्याला लागूनच होतं. वडील तावातावानं बाहेर गेले, मागून आम्ही. गाडी बाजाराच्या माणसांनी आणि कोंबड्यांच्या डालग्यांनी खच्चून भरलेली. बाकीच्या पोरींनी आत बसून सगळं सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच दिसत होतं. मिशाळ ड्रायव्हर खाली उतरून उभा होता.

"दाजी, भाचीचं लगीन ठरवायलेत म्हणं तुमी. मामाला इचारलं का?"

वडील म्हणाले, कसला मामा?

"वर्षभर ज्याच्या हातानं औषधं मागवली, त्यो. मांडवात पोरीच्या पाठीशी मामा लागतो का न्हाई? दहावीचा निकाल लागल्याबिगर मी उभा ऱ्हात न्हाई. आन् आज ती बसल्याबिगर गाडी हालत न्हाई."

गाडीतली माणसं खिडक्यांतून ओरडायला लागली. बाजार निघून चाललाय, पोरीला बसवा. एक म्हातारी तर वडलांना नावं ठेवायलाच उतरली. वडील गाडीकडे बघत राहिले, मग आईकडे. आई पदर तोंडाला लावून उभी होती; ती हसतेय की रडतेय ते मला कळेना. शेवटी वडील घरात गेले आणि माळ्यावरून दप्तर काढून घेऊन आले.

मी चढले. कुणीतरी सरकून जागा दिली. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि मागं न बघताच म्हणाला, "भाचे, नापास झालीस तर इथं गाडी थांबणार न्हाई."

त्या वर्षाइतका अभ्यास मी पुन्हा कधी केला नाही. अख्ख्या गावाची गाडी माझ्या गणितावर उभी होती.