दिवस बुडाच्या आंधीचा डब्बा

ताई आली की पह्यले चप्पल काढे, खाली बसे, अन आपला तळवा जमिनीवर ठेवे. मंग माह्याकडं पाहून म्हने, "ठेव तुहाबी. सांग, थंडी हाय का गरम?"

बाकीचं सारं मंग. तिचं हे पुसनं आयकून पह्यल्या दिवशी मले वाटलं, माह्यापेक्षा हीच येडी हाय.

मानोरा गावाच्या पल्याड आमचा बंजाऱ्यायचा तांडा. मी सातवी शिकली, मंग लगन, अन पह्यल्याच साली ऊसतोडीले गेलो. नवरा-बायकोची जोडी म्हंजे एक कोयता. तिकडं मानसं नाई मोजत, कोयते मोजते. पोरगी तिकडंच झोपडीत झाली. घरी आली अन मले काय झालं काय मालूम, बसल्या बसल्या छाती धडधड करे, श्वास वरच्यावर राहे, वाटे आता मेली, आता मेली. तुमी पायलं असन कोनी असं, नसन त बरंच हाय. माह्या सासूले आमी याडी म्हनतो, आमच्या बोलीत याडी म्हंजे माय. तिनं लेकरूच काढून घेतलं. "हिच्या हाती देऊ नका, पाडन." पाजाले देई, अन पोट भरलं की उचलून नेई. तांड्यातले म्हनत, बाहेरचं हाय. मुकादमानं त ठरवूनच टाकलं, "औंदा लेकरू आजीजवळ ठेवा, जोडी चला." अन मले एकच भेव, पोरगी मागं राह्यली त मी तिकडं मरतो, अन नाई मेली त वापस आल्यावर थे मले ओळखत नाई.

ताई तालुक्याच्या गावच्या जैन किराणावाल्याची पोरगी. स्कुटीवर ये. तिच्या एवढ्याश्या मंडळाले कुठून तरी छोटा निधी भेटला होता, दोन कामासाठी, मजुराचा हक्क अन मनाचं आरोग्य. मुकादम हासे, "मजुरी समजली ताई, हे मन कायले घातलं मधात?"

ताई म्हने, "भाऊ, कोयता धरते तेच बाई, अन भेव वाटते तिलेच. मी दोन बाया कुठून आनू?"

त्या निधीतून तिनं एक सतरंजी घेतली अन कापडाचा बोर्ड लिवून आनला. एक डाव निधीवाले साहेब पाहाले आले. फोटो काढाचा होता, त म्हने बोर्ड कुठं हाय? ताईनं लिंबाकडं बोट केलं. बोर्डाची झोळी बांधली होती अन माही पोरगी त्याच्यात झोपली होती. 'हक्क' एवढंच दिसे, बाकीचं पोरीखाली. साहेब हात लावाले गेले त ताई म्हने, "लेकरू उठू द्या साहेब, मंग वाचा." अन साहेबबी खाली बसले. ताईनं त्यायलेबी पुसलं, "जमीन थंडी हाय का गरम?" थे म्हने, "खडे हाय." बाया इतक्या हासल्या!

ताई दिवस बुडाल्यावर खात नसे, पानीबी नाई. तिच्या घरचा नेम. आमी बाया वावरातून येत पर्यंत ऊन कललेलं राहे, म्हनून थे सतरंजीवरच डब्बा उघडे. कांदा नाई, लसूण नाई. याडी टोमना मारे, "मंग जीभ कायले देली देवानं?" ताई हासे, म्हने, "तुमच्याशी भांडाले."

मले वाशीमच्या दवाखान्यात तिनंच नेलं. डॉक्टरनं गोळ्या देल्या. वापस येताना ताई स्कुटीवर मोठ्यानं बोले, हवेत अर्धं आयकू ये, "अवं, बाळंतपनात ताप येते का नाई? तशी भीतीबी येते. जाते." मी मागून तिले घट्ट धरलं होतं. तांड्यात आल्यावर तिनं याडीलेबी तेच सांगतलं.

मंग तो दिवस आला. सतरंजीवर बाया जमल्या, ताईनं डब्बा उघडला, पह्यला घास मोडला, तेवढ्यात मुकादम आला. म्हने, "उद्या सकाळी गाडी निघते. लेकरू आजीजवळ, ठरलं न?" माह्या मालकानं मान खाली घातली. मी ताईकडं पायलं. मले वाटलं, आता ताई त्याले चांगलं आयकवते.

ताई म्हने, "मी नाई बोलत भाऊ. थे बोलते."

अन थांबली. हातातला घास हातातच. माहा श्वास अटकला, कान भनभन करून राह्यले. ताईनं नुसता आपला तळवा जमिनीवर ठेवला. मी माहाबी ठेवला. अन तोंडातून काय निंगालं, "गरम हाय!"

सारे हासले. मुकादमबी हासला. अन त्या हासन्यात माहा श्वास मोकळा झाला, मी एका दमात बोलली, "काका, लेकरू संग राहीन त येतो. झोपडी पान्याजवळ पायजे. दवाखान्याच्या दिवशी सुट्टी पायजे. नाई त जोडी नाई, दुसरा कोयता पाहा."

"हे तुले कोनं शिकवलं वं?"

याडी मधातच उठली. मले वाटलं, आता शिव्या देते. तिनं झोळीतून पोरगी काढली अन माह्या मांडीवर आनून ठेवली. मुकादमाले म्हने, "बाळंतीन हाय थे. पोरगी तिच्यासंगच येईन."

मुकादम डोक्शावरची टोपी काढून परत घालत म्हने, "बरं बाबा, आन लेकरू."

मी रडत होती, पोरीचे मुके घेत होती. किती येळानं ध्यानात आलं, ताई डब्ब्याचं झाकन लावून राह्यली. तो घास तसाच अंदर. दिवस बुडाला होता.

"ताई, माह्यापायी..."

"सकाळी दुप्पट खाईन," म्हने. अन पान्याचा घोटबी न घेता स्कुटीले किक मारली.

आमी हंगाम करून पोरीसंग वापस आलो, तवा ताई नव्हती. निधी पुढं भेटला नाई. यवतमाळकडं दुसऱ्या मंडळात गेली म्हनते. सतरंजी आमच्यापाशीच हाय, बाया अजून बसते. नवी कोनी घाबरलेली आली त मी तिले जमिनीवर हात ठेवाले लावतो. मलेबी कधी कधी ठेवा लागते.

अन बाया बसाच्या दिवशी याडी वरन शिजाले टाकते. रस्त्याकडं पाहात बसते, कांदा हाती घेत नाई. दिवस पुरा बुडाला की उठते, अन मंग कांदा चिरते.