सहाच्या पुढचे आकडे

रामराव काकांनी मोजताना कधी ‘एक’ म्हटलं नाही. जाफराबादच्या बाजारात ते मापाडी होते. पहिलं माप पडलं की ‘बरकत’, मग दोन, तीन. मधे आकडा चुकला तर अंदाज करायचा नाही. ढीग पुन्हा ओतून बरकतपासून मोजायचं. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, “दुसऱ्यांदा मोजलं म्हणून तुझी ज्वारी आटत न्हाई, बाबा.”

सत्तरीत त्यांना लकवा झाला. डावं अंग गेलं. मूलबाळ नव्हतं, काकू आधीच गेलेल्या, म्हणून मी त्यांना जालन्याला माझ्याकडे आणलं. पायात थोडी ताकद आली तसा त्यांनी एकच ध्यास घेतला : संडासला आपल्या पायांनी जायचं. “पुतण्यानं धुवावं, असं काय पाप केलं म्या?”

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, “खुर्ची भिंतीला टेकवून दहा वेळा उठणं-बसणं. डाव्या बाजूला कुणीतरी उभं हवंच. दम लागला, चक्कर आली की लगेच थांबायचं, दहा झाले नसले तरी.”

“बारा केले तर जल्दी चालंन का?” काकांनी विचारलं.

“अजिबात नाही. दहाच.”

मी शेजारी उभा राहायचो. आजारानंतर मोजताना सहाच्या पुढचा आकडा त्यांना आठवत नसे. तो मी सांगायचो. पंधरा दिवसांत मला त्याचा कंटाळा आला, हे आज कबूल करतो.

एका सकाळी ऑफिसचा फोन आला. “काका, तुम्ही सुरू करा,” म्हणून मी गॅलरीत गेलो. आतून ‘बरकत’ ऐकू आलं. थोड्या वेळानं पुन्हा ‘बरकत’. मग पुन्हा, धापा टाकत. प्रत्येक वेळी सहापाशी अडकून ते पहिल्यापासून मोजत होते. मला ते कळलं होतं. तरी मी फोनवर बोलत राहिलो. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला.

खुबा मोडला. दवाखान्यात मॅडमनी विचारलं, “शेजारी कोण होतं?”

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “ह्यो होता ना. बराबर उभा होता. मीच ऐकलं न्हाई.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “मग थांबवलं का नाही?”

मी म्हणालो, “ऐकेचनात.”

काकांनी डोळे मिटले.

ते पुन्हा उभे राहिले नाहीत. चार महिने रोज सकाळी मी त्यांना साफ करायचो आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून एकदा मी नुसतं “काका” म्हणालो.

“उरक जल्दी,” ते भिंतीकडे बघतच म्हणाले. “तुला हापिसला उशीर व्हून राह्यला.”