मनू बोलेना, 'स्पष्टवक्ता' थांबेना

असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. पर्सच्या तळाशी एसटीची तिकिटं साठत जातात, तसे तेही साठतात. एक काढायला हात घातला की चार वर येतात. हे किस्से भोरच्या स्टँडमागच्या नेट कॅफेतले. दुपारी तिथं आम्ही तिघीच असायचो: कॅफेवाल्या रुबीनाभाभी, बालवाडीच्या सुनीताबाई आणि अडीच वर्षांच्या मनूला मांडीवर घेऊन मी.

मनू अजून बोलत नव्हती. आयांच्या एका साइटवर मी विचारलं, काळजी करावी का? 'स्पष्टवक्ता' नावाच्या कुणीतरी लिहिलं, "आई नेटवर बसल्यावर पोर बोलणार कुणाशी?"

मी बी.एस्सी. झालेली, तरी रडले. कारण मनातून मलाही तेच वाटत होतं.

*

घरी वहीत मी त्याला चार पानी उत्तर लिहिलं. कॅफेत येऊन दोन बोटांनी तासभर टाइप केलं. शेवटच्या ओळीला लाईट गेली.

"बरं झालं," भाभी म्हणाल्या. "त्याला काम न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्पष्टवक्त्यानं काहीही लिहिलं की त्या हेच म्हणायच्या.

*

सुनीताबाईंची पद्धत बालवाडीतली. दंगेखोर पोराला त्या रागवत नाहीत, जवळ बसवतात. त्यांनी स्पष्टवक्त्याला लिहिलं, "जेवलात का?"

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "हो."

*

एकदा मनूनं कीबोर्डवर दोन्ही हात आपटले आणि ते तसंच साइटवर गेलं. नुसती अक्षरं, अर्थ शून्य. स्पष्टवक्त्यानं तीन परिच्छेद लिहून ते मुद्देसूद खोडून काढलं!

भाभींना हसू आवरेना. त्या त्यांचं वाक्य म्हणाल्या, तशी मनूही हसली. त्या दिवसापासून मी त्याला उत्तर देणं सोडलं. म्हणजे वहीत लिहायचे, टाइप करत नव्हते.

*

दिवाळीत सारोळ्याहून आत्यासासूबाई आल्या. सगळे जेवायला बसले होते. त्यांनी आधी मनूकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तू त्या मशीनपुढं बसती, म्हणून पोरगी बोलंना."

हुबेहूब स्पष्टवक्ता! वहीतलं उत्तर आणून वाचावं, तर हिंमत नाही. "जेवलात का?" विचारावं, तर त्या जेवतच होत्या. मी वरण वाढत राहिले.

मनूनं हातातला पापड खाली ठेवला. आत्याबाईंकडं नीट निरखून पाहिलं.

"काम न्हाई," ती म्हणाली.