उभ्याने वाजवायची गिटार

हवाईयन गिटार हे बसून वाजवायचं वाद्य आहे. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवत न्यायची. कुणालाही विचारा, हेच सांगेल. माझे बाबा मात्र ती उभ्याने वाजवायचे. नुसते उभ्याने नाही, चालत, हळदीच्या नाहीतर वरातीच्या पुढे, नाचणाऱ्यांचे धक्के खात. रेवदंड्याच्या खाडीवर आमचा कोळीवाडा. इथे बसून वाजवणाऱ्याला कोण विचारतो? बेंजो पार्टीत राहायचं तर वाद्य गळ्यात अडकवून गावभर हिंडता आलं पाहिजे. बेंजोवाला हिंडतो, ढोलवाला हिंडतो, मग गिटारीनेच काय घोडं मारलंय, असं बाबांचं म्हणणं.

भंगारातल्या जीपचा सीटबेल्ट कापून त्यांनी गिटारीला पट्टा केला होता. पट्टा मानेमागून घेतला की गिटार पोटासमोर चणेवाल्याच्या पाटीसारखी आडवी राहायची. पोट आणि गिटार यांच्यामध्ये घडी घातलेला टॉवेल, नाहीतर गिटार पुढे कलते आणि कांडी घरंगळते. कांडी पडली तर गर्दीत सापडायची नाही, म्हणून तिच्या टोकाला भोक पाडून त्यांनी तंगूस, जाळ्याचा नायलॉनचा दोरा, ओवली होती आणि ती मनगटाला बांधायचे. जाळी विणणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर तंगूस हाच उपाय सुचतो. गुडघे सैल सोडून, होडीत उभं राहावं तसे ते उभे राहायचे. दिवसा होडीवर आणि संध्याकाळी वरातीत, त्यांच्या पायांना फरक कळत नसावा.

मला त्यांनी शिकवलं ते ओटीवर बसून. उभ्याने शिकवा म्हटलं की म्हणायचे, "उभ्यानं नको गो. मान जाते." त्यांची मान खरंच गेली होती. खाली तारा बघून बघून ती पुढे आली ती आलीच. पण पोरीने वरातीत वाजवू नये असं काही त्यांना वाटत असेल, तर ते त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, मानेवर ढकललं. मी पुढे शिकले, अलिबागला नोकरीला लागले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि तरी त्यांच्या मागून चालणाऱ्या बायकांतच राहिले. आपण त्या पट्ट्यात उभं राहावं असं मला आयुष्यभर वाटत आलं. इतकं साधं होतं ते, आणि मागायला इतकं अवघड.

आमच्याकडे एक रीत आहे. मिरवणूक कसलीही असो, ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलंय त्या घराच्या दारासमोर वाद्यं बंद करायची. ढोलवाले काठ्या काखेत मारतात, नाचणारे पदर सावरून सरळ चालायला लागतात, आणि घर मागे पडलं की पुन्हा सुरू. ढोल थांबवला की थांबतो. गिटारीच्या तारांचं तसं नसतं, हात काढला तरी त्या घुमत राहतात. म्हणून बाबा अख्खा तळवा तारांवर ठेवायचे आणि घर ओलांडेपर्यंत काढायचे नाहीत. "दुखाच्या दारात तार वाजता कामा न्हय," म्हणायचे. उत्तम वाजवल्याचा त्यांना फारसा गर्व नव्हता. नीट थांबवल्याचा होता.

बाबा गेल्या दिवाळीनंतर गेले. गिटार माजघरातल्या खुंटीवर लटकत होती, खाडीकडच्या खिडकीशेजारी. कुणी तिला हात लावला नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि एका संध्याकाळी आमची होडी खाडीत शिरत असताना गिटार घुमली.

होडी आता काका नेतात. तिच्या इंजिनाला वेग कमी करताना एक ठरावीक सूर लागतो, आणि गिटारीची सगळ्यात जाड तार नेमक्या त्याच सुरात लावलेली आहे. एक वाजलं की दुसरं आपोआप थरथरतं. बाबांनी तार मुद्दाम त्या इंजिनावर लावली होती की वर्षानुवर्षं त्या होडीत बसून त्यांच्या कानातच तो सूर बसला होता, कोण जाणे. दुसऱ्या कुणाच्या होडीने ती घुमत नाही. मला भुताखेतांच्या गोष्टींचा राग येतो, म्हणून हे सगळं मी पहिल्याच आठवड्यात नीट समजून घेतलं आणि आयला समजावलं.

आय चुलीपाशी होती. तिने चहाचं आधण ठेवलं, दोन माणसांचं नव्हे, तीन माणसांचं. "व्हय," ती म्हणाली. "तारंतच येतो तो. दुसऱ्या कशात येनार?"

बाबा गेले हे आयने कधी तोंडातून काढलं नव्हतं. "त्याला हास्पिटलात नेला," इथवर यायची आणि थांबायची. रडलीही नाही. बायका म्हणाल्या, हिला रडवा. त्या काय रडवणार, संध्याकाळ झाली की ही केस विंचरून खिडकीत बसायची. होडी वळायची, तार घुमायची, आणि आय म्हणायची, "आयला," म्हणजे आला. आणि उठायची. त्या एका शब्दावर तिचा दिवस उभा होता. तो काढून घेतला तर ती कोसळेल हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी शास्त्र सांगणं बंद केलं. खरं सांगायचं तर होडीच्या वेळेआधी घरी पोचायला मीही धडपडू लागले होते. अलिबागहून येणारी रिक्षा वाटेत भरत बसली की त्या रिक्षावाल्यावर मी उगाच खेकसायची.

पावसाळ्याच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढल्या. इंजिनं गप्प, गिटार गप्प. मला वाटलं आता आय खचेल. पण ती मजेत वाकळ शिवत बसली. "पावसात कुठं जायाचं त्याला? घरातच हाय." एकदा भर आषाढात, खाडीवर एकही इंजिन चालू नसताना, मला घुमल्यासारखं वाटलं. मी उठून गिटारीपाशी गेले. तारांवर हात ठेवला. तारा थंड आणि गप्प होत्या. मग हात ठेवायला आपण का उठलो, याचा मला इतका राग आला की त्या दिवशी मी आयशी नीट बोलले नाही.

नारळी पुनवेच्या आधी मामा आला. आयचा धाकटा भाऊ, पार्टीचा मुख्य ढोलवाला. ओटीवर बसला, पाणी प्याला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कीबोर्डवाल्याला सगला येतंय. पन नारळ दर्यावर नेताना गिटारच पायजे. तुज्याबिगर वाड्यात कोन हाय?"

"आपला वरीस सरला न्हाय," आय म्हणाली.

"सन करू नका. नारळीभात करू नका. वाजवनं म्हंजे सन न्हाय, काम हाय."

हे खरं होतं. आजोबा गेले त्या वर्षी बाबाही वाजवायला गेले होते, आणि घरी येऊन साधा भात जेवले होते. आयला हे नाकारता येईना. ती लुगड्याच्या काठाशी खेळत राहिली. मग तिने विचारलं, "खुंटीवरनं काढलीस तर तो येयाचा कुठं?"

मामाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे बघितलं. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगते. आयची काळजी होती. आणि तिच्याहून मोठ्याने दुसरं काहीतरी ओरडत होतं, हो म्हण, हो म्हण.

शेवटी आयच म्हणाली, "तारा बदलू नको. चाव्यांना हात लावू नको. आन सांजच्याला परत खुंटीवर."

तारांना खाऱ्या हवेचा गंज चढला होता. मी खोबरेल लावून त्या पुसल्या. बाबांचा सूर जगाच्या सुरापेक्षा खाली होता, पण कीबोर्डला काय, बटण दाबलं की तो उतरतो. अडचण माझ्या पायांची होती. बसून जे डोळे मिटून यायचं ते उभ्याने येईना. गिटार कलायची, कांडी तिरकी व्हायची आणि सूर मांजरीसारखा ओरडायचा. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "बाय, सुक्या बोंबलांवर मांजर आयलाय का बग गो." मग मी टॉवेल घेतला. तोच, बाबांचा. कपाटात न धुता ठेवलेला. घामाचा, विडीचा वास अजून तसाच होता. तो पोटाशी दाबला, गुडघे सैल सोडले, आणि मान पुढे गेली. मी नेली नाही, ती गेली. पट्टा त्यांच्या उंचीला शिवलेला, त्यात शिरणाऱ्याला तसंच उभं राहावं लागतं. कांडी तारांवर सपाट बसली.

परसात दाराकडे पाठ करून मी वाजवत होते, दिवेलागणीला. मागून आयचा आवाज आला. "जेवायला वाढू?"

हा आवाज मला ठाऊक होता, पण माझ्यासाठीचा नव्हता. मला ती "ये गो गिलायला" म्हणते. मी वळले. आय उंबऱ्यात डोक्यावर पदर घेऊन उभी होती. माझं तोंड बघून तिने पदर हळूच खाली घेतला आणि आत गेली. मी पट्टा काढला आणि गिटार खुंटीवर टांगली. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो, पण एकमेकींच्या ताटाकडे बघून.

पुनवेच्या दुपारी मिरवणूक निघाली. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पुढे, अबोलीचे गजरे माळलेल्या बायका, मागे आम्ही, आणि आमच्या मागे हातगाडीवर स्पीकर. गिटारीची वायर त्याला जोडलेली. पोरं सुरुवातीला हसली, "बाय, कांडी पायावर पारू नको!" मग गाणं लागलं आणि त्यांचं हसणं नाचात गेलं. धक्के बसत होते, गुडघे ते झेलत होते. मी वाजवत होते, उभी राहून, चालत. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. बाबा माझ्या आत आहेत की मी त्यांच्या, असं काहीतरी वाटत होतं, आणि असं बोलणाऱ्यांना मी एरवी हसते.

आमची गल्ली आली. मामाने हात वर केला. ढोलाच्या काठ्या काखेत गेल्या, कीबोर्ड थांबला, बायका गप्प झाल्या. दुःखाचं घर आमचंच होतं. मी तळवा तारांवर ठेवला. आय दारात उभी होती, हातात बांगडी नाही, कपाळ मोकळं. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला म्हणून मी क्षणभर हात उचलला.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला, धक्क्यावर, काकांनी होडी चालू केली आणि इंजिनाचा वेग खाली आणला.

जाड तार घुमली. घरात ती घुमते तेव्हा कान देऊन ऐकावी लागते. इथे मागे स्पीकर होता. सगळी गल्ली भरून तो सूर आला, सावकाश, खालून वर. कुणी वाजवत नव्हतं. माझे दोन्ही हात हवेत होते आणि सगळे ते बघत होते. गिटारीचं लाकूड टॉवेलातून माझ्या पोटावर थरथरत होतं, आतून कुणी हाक द्यावी तसं. मामा मान हलवून खुणावत होता, हात, हात ठेव. मला रीत माहीत होती. बाबांचा गर्व माहीत होता. हात खाली जाईना. इंजिनाचं शास्त्र सांगणारी मी, मला एवढंच वाटत होतं की ते आलेत, आणि मी हात ठेवला तर ते माझ्या हाताखाली थांबतील.

मी आयकडे बघितलं. आता ती म्हणेल, आयला. सगळ्या वाड्यासमोर म्हणेल. म्हणाली असती तर मी तार तशीच घुमू दिली असती, रीत गेली खड्ड्यात.

आय पायऱ्या उतरून माझ्यासमोर आली. तिने पट्ट्याकडे बघितलं, टॉवेलाकडे, मग माझ्याकडे. माझ्याचकडे.

"हात ठेव, बाय," ती म्हणाली.

"आये, पन..."

"दुखाचा दार हाय. तार वाजता कामा न्हय."

मी तळवा ठेवला. तार हाताखाली थोडा वेळ थरथरली, जशी नेहमी थरथरते, आणि थांबली. धक्क्यावर इंजिन एकटंच चालू राहिलं. आय माझ्या हाताकडे बघत होती. 

"गेला," ती म्हणाली, आणि तिथेच रस्त्यावर, माझ्या दंडाला धरून, रडायला लागली.